गोड्या पाण्याची दहा मिनिटं

लोखंडाचा तो तुकडा हातात घेतला तर त्याचे पापुद्रेच बोटांना लागून सुटू लागले. पंज्याहून थोडा मोठा, कोपरासारखा वाकलेला. बोटीच्या इंजिनाचा एक्झॉस्ट एल्बो. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शेडमध्ये मेकॅनिककाकांनी तो उभा कापून ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येक बोटवाल्याला दाखवायला. आत दोन वाटा असतात, एक धुराची आणि एक पाण्याची. मधली भिंत गंजून कागदासारखी झाली होती आणि एका जागी फुटली होती. त्या भोकातून समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये उतरलं. पाणी काही दाबलं जात नाही. स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला.

"मालक दर फेरीनंतर फ्लश करायचे," काका म्हणाले. "पण दोन मिनिटं. दोन मिनिटांत इंजिनाच्या पोटात गोडं पाणी पोचतच नाही."

हे वाक्य मला नीट कळायला त्या मशीनची, म्हणजे स्टर्नड्राइव्हची, ओळख करून घ्यावी लागली.

आऊटबोर्ड इंजिन आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या ओळखीचं. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं असतं, उचललं की पाण्याबाहेर. इनबोर्ड बोटीच्या पोटात असतं आणि त्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो. स्टर्नड्राइव्हने दोन्हींतलं चांगलं ते घेतलं. इंजिन आत, मागच्या फळीला टेकून. आणि फळीला भोक पाडून बाहेर टांगलेला एक पाय, ज्याच्या टोकाला पंखा. इंजिनाचा जोर आडवा बाहेर येतो, काटकोनात वळून खाली उतरतो, पुन्हा वळून पंख्याला मिळतो. हाच पाय डावी-उजवीकडे वळवून बोट वळवायची आणि उथळ पाण्यात तोच वर उचलायचा. जिम विन हे अमेरिकन अभियंते. 1958 मध्ये त्यांनी आऊटबोर्डच्या बोटीने अटलांटिक ओलांडला होता. त्यांनी ही मांडणी स्वीडनच्या व्होल्वो पेंटाकडे नेली आणि 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये 80 अश्वशक्तीचं 'अ‍ॅक्वामॅटिक' लोकांसमोर आलं. 1961 मध्ये मर्क्युरी कंपनीने आपलं मर्क्रूझर आणलं. फ्लोरिडापासून स्वीडनच्या किनाऱ्यापर्यंत घरगुती बोटींमध्ये ही जोडणी रुळली. मुंबई-अलिबाग पट्ट्यातल्या खाजगी स्पीडबोटींमध्येही ती भेटते.

आत बसतं ते इंजिन मुळात मोटारीचं. मर्क्रूझरच्या कित्येक मॉडेलांत जनरल मोटर्सचे ओतीव लोखंडाचे ब्लॉक आहेत, समुद्रासाठी सजवलेले. मोटारीला रेडिएटर असतो. इथे समुद्र हाच रेडिएटर. पायाच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंना फटी असतात, त्यांतून पाणी आत ओढलं जातं. ओढणारा इम्पेलर म्हणजे रबराच्या पाकळ्यांचं छोटं चाक. मर्क्रूझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये ते पायातच असतं, ब्राव्होमध्ये इंजिनावर. पाणी इंजिनातून फिरतं, तापतं, शेवटी एल्बोमध्ये धुरात मिसळून बाहेर पडतं.

म्हणजे प्रत्येक फेरीत समुद्र इंजिनाच्या आतून वाहतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी तापलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार भांड्याच्या बुडासारखे भिंतींना धरतात. म्हणूनच थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांचा थर्मोस्टॅट मोटारीपेक्षा खूप आधी, साठ अंशांच्या आसपास उघडेल असा ठेवलेला असतो. आणि इंजिन बंद करून बोट बाहेर काढली की खरं दुखणं सुरू होतं. पाणी निथळतं, ओल राहते, मीठ राहतं आणि हवा आत येते. कोकणात ज्याच्या खिडकीचे गज फुगून सुटलेत त्याला या तिघांची मैत्री सांगायला नको.

आता त्या दोन मिनिटांकडे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असतं तोवर ते मिटलेलं. त्या वेळी बाहेरून आलेलं पाणी ब्लॉकला वळसा घालून एक्झॉस्टच्या वाटेने निघून जातं आणि ब्लॉकमधलं खारं पाणी आतल्या आत फिरत राहतं. मागून स्वच्छ धार पडताना बघून मालकाला वाटतं, झालं धुऊन. ती धार नळाच्याच पाण्याची असते, ब्लॉकमधून आलेलीच नसते. इंजिन कामाच्या तापमानाला येऊन दार उघडेल तेव्हाच गोडं पाणी आत शिरतं. याला साधारण दहा मिनिटं लागतात. स्टर्नड्राइव्ह फ्लश करण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

काकांनी माझ्यासमोर एक बोट धुतली. ट्रेलरवर होती. पाय पूर्ण खाली, सरळ. पंखा आधीच काढून ठेवलेला, चुकून गिअर पडला तर कुणाचा हात जाऊ नये म्हणून. रबराच्या दोन वाट्या तारेच्या कमानीने जोडलेल्या, त्यांना ते 'कान' म्हणतात. ते कान पुढून सरकवून फटींवर घट्ट बसवले आणि नळी जोडली. काही ड्राइव्हना नाकाशीही खाली भोकं असतात. ती बंद केली नाहीत तर पंप तिथून हवा ओढतो. काकांनी हात फिरवून ती चाचपली. मग ब्लोअर चार मिनिटं चालू, पेट्रोलची वाफ तळाशी कोंडलेली असू नये म्हणून. मग नळ. दोन्ही कानांतून पाणी उडायला लागलं तेव्हा कुठे किल्ली.

"आधी किल्ली फिरवली तर?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून एक जुना इम्पेलर काढून माझ्या हातात दिला. सहा पाकळ्यांपैकी दोन मुळापासून गेलेल्या, बाकीच्यांची टोकं जळून चकाकत होती. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा चालला तर अर्ध्या मिनिटातही जळू शकतो. आणि तुटलेल्या पाकळ्या पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात, त्या शोधून काढाव्या लागतात.

इंजिन न्यूट्रलमध्ये, आयडलवर. रेस अजिबात नाही, कारण वाढत्या वेगाने पंप नळीतून येतं त्यापेक्षा जास्त पाणी ओढायला लागतो. काकांची नजर सगळा वेळ तापमानाच्या काट्यावर. काटा चढला, एका जागी थांबला आणि मागच्या धारेत काही क्षण गढूळ, तांबूस पाणी आलं. इंजिनाच्या पोटातलं हे पहिलं पाणी. ते स्वच्छ होईपर्यंत त्यांनी चालू ठेवलं. बंद करताना आधी इंजिन, मग नळ.

ज्यांच्या इंजिनात हीट एक्स्चेंजर बसवलेला आहे, म्हणजे ब्लॉकमध्ये कूलंट आणि बाहेरच्या बाजूने समुद्र, त्यांना वाटतं आपण सुटलो. ब्लॉक सुटतो. एक्स्चेंजरची समुद्राकडची बाजू आणि तो एल्बो सुटत नाहीत.

स्वीडनमध्ये हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर ते गोठून ब्लॉक तडकतो. आपल्याकडे गोठणं नाही, पण पावसाळा आहे. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी वर ओढलेल्या असतात. मेमधली शेवटची फेरी मारून जी बोट न धुता झाकून ठेवली, तिच्या इंजिनात दोन-तीन महिने मीठ, ओल आणि हवा एकत्र नांदतात. काकांच्या शेडमध्ये सप्टेंबरात जाम झालेली इंजिनं येतात ती अशीच.

दहा मिनिटं नळी चालवायची म्हणजे दीडशे ते दोनशे लिटर गोडं पाणी. मे महिन्यात खाडीकाठच्या गावात टँकरची वाट बघणाऱ्या माणसासमोर हा आकडा उच्चारताना जीभ अडखळते. आणि म्हणूनच लोक दोन मिनिटांत नळ बंद करतात. बेफिकिरी मला त्यात फारशी दिसली नाही. काकांनी उपाय केलाय. शेडच्या पत्र्याला पन्हळ लावून दोन हजार लिटरची टाकी भरून घेतात, पावसाचं पाणी, आणि ते फक्त इंजिनांसाठी. मोठ्या गावांच्या जेट्यांवर आज डिझेल मिळतं, बर्फ मिळतो. जेटी बांधणाऱ्यांनी तिथे पावसाच्या पाण्याची एक टाकी आणि एक नळ द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. आणि तोवर, तुमची बोट असेल तर या मेमध्ये शेवटच्या फेरीनंतर काटा जागेवर येऊन मागची धार स्वच्छ होईपर्यंत नळ बंद करू नका.