नोकरदार संशोधकाचा वेळ

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या पीएच.डी. नियमावलीत अंशकालीन संशोधनाला, म्हणजे पूर्णवेळ नोकरी करत असतानाच विद्यापीठात नोंदणी करून प्रबंध लिहिण्याला, स्पष्ट मान्यता देण्यात आली असली, तरी या वाटेने जाणाऱ्याला प्रवेशाच्या, अभ्यासाच्या किंवा परीक्षणाच्या कोणत्याही अटीत सूट मिळत नाही. पूर्णवेळ संशोधकाला लागू असलेले सर्व नियम त्यालाही लागू होतात, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास संस्थांना मनाई असल्यामुळे घरी बसून पदवी पुरी करण्याची पळवाटही उरत नाही. अंशकालीन उमेदवाराकडून जे वेगळे मागितले जाते ते एकच कागदपत्र, आणि ते म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र.

या प्रमाणपत्रात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: उमेदवाराला अंशकालीन संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास पूर्वअभ्यासक्रम, म्हणजे प्रत्यक्ष संशोधनाला लागण्यापूर्वीचा वर्गातील अभ्यास, पुरा करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. पहिली गोष्ट लिहून देण्यात संस्थेचे काही जात नाही, कारण परवानगीला खर्च नसतो. दुसरी आणि तिसरी मात्र आश्वासने आहेत, आणि ती पाळायची तर कोणाचे तरी वेळापत्रक बदलावे लागते व कोणाकडे तरी जादा काम सोपवावे लागते. ठरावीक मजकुराच्या नमुन्यावर सही-शिक्का उमटवणारे कार्यालय या फेरबदलाचा विचार करतेच असे नाही, आणि नोकरदार संशोधकाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या न केलेल्या विचारात सापडते.

नियमावलीनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, तर महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांच्या बाबतीत एकूण मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. ही मुदत पूर्णवेळ आणि अंशकालीन दोघांना सारखीच असली, तरी तिच्या आत मिळणारा वेळ सारखा नसतो. आयोगाच्याच २०१८ च्या निकषांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते, आणि परीक्षांचे काम, समित्या, प्रवेशप्रक्रिया व मूल्यांकनाच्या फायली हा भार त्याखेरीजचा असतो. त्यातून उरणारे तास कागदावर मोजले तर कमी दिसत नाहीत. पण ते सलग नसतात, आणि संशोधनाच्या सगळ्या कामांना तुटक वेळ चालत नाही. संदर्भ शोधणे, टिपणे काढणे, तक्ते तपासणे ही कामे अर्ध्या-पाऊण तासातही पुढे सरकतात, परंतु एखाद्या प्रकरणाचा युक्तिवाद रचायचा असेल तर आदल्या दिवशी सोडलेला धागा मनात पुन्हा उभा करण्यातच पहिला तास जातो, आणि तो तास रोज नव्याने मोजावा लागतो. म्हणूनच उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी अध्यापक-संशोधकाला इतकी मोलाची वाटते, तर बँकेतील किंवा शासकीय खात्यातील संशोधकाला रजेवाचून असा सलग काळ मिळतच नाही.

इतिहासाच्या किंवा जुन्या साहित्याच्या अभ्यासकाची कोंडी याहून वेगळी आणि अधिक बिकट असते, कारण मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार असो की पुण्यातले पेशवे दफ्तर, कागद पाहायचे ते कार्यालयीन वेळेतच, आणि नेमक्या त्याच वेळेत संशोधक स्वतःच्या कार्यालयात हजेरी लावत असतो. मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, रविवारी उलगडता येत नाहीत.

पूर्वअभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा असतो; श्रेयांक हे अभ्यासाच्या भाराचे माप असून त्यात समाविष्ट असलेला संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा विषय दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा आहे. पुढे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. हे सारे नियमित असल्याने त्याची आखणी करता येते आणि त्याविषयी फारशी तक्रार करण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न विषयनिवडीचा आहे, आणि येथे नोकरदाराचे पारडे पूर्णवेळ संशोधकापेक्षा जड असू शकते. कृषी खात्यातील अधिकाऱ्याला पीकविम्याच्या दाव्यांची प्रक्रिया आतून ठाऊक असते, रुग्णालयातील अधिपरिचारिकेला पाळ्यांच्या ताणाचे स्वरूप कोणत्याही प्रश्नावलीशिवाय कळलेले असते, आणि ही जाण मिळवायला बाहेरच्या संशोधकाची एक-दोन वर्षे सहज खर्ची पडतात. मात्र जवळिकीला तिचे धोकेही आहेत. अधिकाऱ्याने आपल्याच हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, किंवा शिक्षकाने आपल्याच वर्गातील विद्यार्थ्यांकडून माहिती गोळा केली, तर मिळालेली संमती खरोखर स्वेच्छेची होती का, असा प्रश्न परीक्षक विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. याहून कमी लक्षात घेतली जाणारी बाब गोपनीयतेची आहे: मान्य झालेल्या प्रबंधाची डिजिटल प्रत गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राकडे द्यावी लागते आणि तेथील ‘शोधगंगा’ या संग्रहातून ती कोणालाही वाचता येते, त्यामुळे कंपनीच्या किंवा खात्याच्या अंतर्गत आकडेवारीवर उभारलेला प्रबंध लेखी परवानगीविना लिहिला गेला असेल, तर पदवी हाती पडण्याच्या सुमारास नोकरी अडचणीत येऊ शकते. ना-हरकत प्रमाणपत्रातील तीन मुद्द्यांत माहितीच्या वापराचा मुद्दा नाही. ती परवानगी वेगळी मागावी लागते.

मार्गदर्शकाची निवड करतानाही मुदतीचा हिशेब सुटता कामा नये. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्या अध्यापकाला नवे संशोधक घेता येत नाहीत, हे अनेकांना ठाऊक असते. पण ज्याची चार वर्षे उरली आहेत तो सहा-सात वर्षे चालणाऱ्या अंशकालीन संशोधनाच्या मध्यावरच निवृत्त होणार, आणि त्यानंतर त्याला वयाच्या सत्तरीपर्यंत केवळ सहमार्गदर्शक म्हणून राहता येते, हा त्याच नियमाचा दुसरा अर्थ आहे.

नोकरी करता करता पदवीचा हा खटाटोप का केला जातो, याचे प्रामाणिक उत्तर अध्यापकांच्या बाबतीत बहुधा पदोन्नती हेच आहे. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा २०१८ चा निर्णय आधी पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला, परंतु सहयोगी प्राध्यापकपदासाठी ती आजही आवश्यक आहे. गरजेपोटी केलेले संशोधन कमअस्सल असतेच असे नाही. मात्र घाईने उरकलेले बहुधा असते, आणि वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी आयोगाला २०१८ मध्येच स्वतंत्र नियम करावे लागले, ज्यांत ६० टक्क्यांहून अधिक मजकूर जुळल्यास नोंदणीच रद्द होते. उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे: महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी मुंबईत वकिली करत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले, जे १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. अर्थात त्यांच्यामागे सहा वर्षांची मुदत नव्हती, आणि त्यांच्या कामावर पदोन्नतीही अवलंबून नव्हती.

फ्रान्समध्ये १९८१ पासून चालत आलेल्या सिफ्र या योजनेत कंपनी संशोधकाला तीन वर्षांसाठी नोकरीवर घेते, विद्यापीठाची प्रयोगशाळा त्याला मार्गदर्शन करते आणि सरकार कंपनीला अनुदान देते. म्हणजे तेथे संशोधन हेच नोकरीचे काम ठरते. आपल्याकडेही अभियांत्रिकी अध्यापकांसाठी १९७० मध्ये सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमात मूळ संस्थेने अध्यापकाला कामातून मोकळे करून आयआयटीसारख्या संस्थेत पीएच.डी.साठी पाठवण्याची सोय होती, म्हणजे मोकळा वेळ देणे ही कल्पना परकी नाही. अंशकालीन नोंदणी करू पाहणाऱ्याने म्हणूनच प्रवेश परीक्षेच्या तयारीआधी आपल्या संस्थेशी बोलावे, पूर्वअभ्यासक्रमाच्या काळात कोणते तास व कोणती कामे कमी होतील हे आदेशाच्या रूपात लिहून घ्यावे, माहिती वापरण्याची परवानगी त्याच पत्रव्यवहारात मागावी, आणि यांपैकी काहीच मिळणार नसेल तर नोंदणी एक वर्ष लांबवावी. कारण प्रवेशाच्या तारखेपासून मुदत मोजली जाऊ लागते.