रात्री गृहपाल, दिवसा विद्यार्थिनी

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडाऱ्याची मुलेमुली बारावीनंतर नागपुरात येतात तेव्हा त्यांचे घर म्हणजे वसतिगृह आणि घरातले मोठे माणूस म्हणजे गृहपाल. कुणी तिला वॉर्डन म्हणते, कुणी रेक्टर. मुली सरळ ‘मॅडम’ म्हणतात. हजेरी, गेटपास, मेसच्या तक्रारी, पाण्याची मोटर ही कामे नेमणुकीच्या कागदावर असतात. रात्री दीडला दार वाजवून ‘मॅडम, ती कधीची रडतेय, कडी काढत नाहीये’ असे सांगणारी मुलगी त्या कागदावर नसते.

अशा दोन-चार रात्री काढल्यावर समुपदेशन रीतसर शिकावे, असे एखाद्या गृहपालाला वाटले तर नवल नाही. गरजही खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्याचा उल्लेख करून शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळायला हवे, असे त्यात म्हटले आहे.

पण नोकरी करून शिकण्याची जी सोयीची वाट होती, ती नेमकी त्याच सुमारास बंद झाली. इग्नूतून घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. करता येत असे, त्यात समुपदेशन हा विशेष विषयही घेता येई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. समोर बसलेल्या माणसाचे ऐकणे पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही. पण आता वर्गात बसावे लागणार, आणि रात्रपाळी तर सुटलेली नाही.

समजा, लकडगंजच्या लाकूडबाजाराजवळ एखाद्या वसतिगृहात ती राहते. रात्री दोनला डोळा लागतो, सकाळी आरामशिनींचा आवाज सुरू होतो. नाश्त्याची रांग आटोपून सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रो पकडायची, शहराच्या पश्चिम टोकाला वर्ग करायचे आणि संध्याकाळच्या हजेरीला परत यायचे. कागदावर हे जमते.

शरीराचा हिशेब वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळलेली आढळली. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेली गृहपाल रात्री अकरानंतर ज्या अवस्थेत असते, त्या अवस्थेत आपण कुणाच्या हाती गाडीसुद्धा देणार नाही. एका घाबरलेल्या मुलीचा प्रश्न मात्र देतो. शिवाय दिवसा शिकलेले पक्के होते ते झोपेत. झोप तुटली की अभ्यासही वाया जातो.

तरीही झोपेपेक्षा अवघड पेच दुसराच आहे. गृहपालाच्या हातात वही असते. कोण उशिरा आले, कोणाच्या घरी फोन करायचा, कोणाला वसतिगृहातून काढायचे, हे त्या वहीवर ठरते. समुपदेशकाचे काम चालते ते गोपनीयतेवर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम २३ ने तो रुग्णाचा हक्कच केला आहे. मग संध्याकाळी जिला उशिराबद्दल दंड केला, तीच रात्री ‘कुणाला सांगू नका’ म्हणून समोर बसली, तर ऐकतेय कोण? मुलीलाही ते कळत नाही, आणि ती अर्धेच बोलते. या शास्त्रात याला दुहेरी नाते म्हणतात आणि ते टाळायलाच शिकवतात. माझ्या मते इथे तडजोड नको. आपल्या वसतिगृहातल्या मुलींचे समुपदेशन गृहपालाने करू नये, अभ्यासक्रमाचे प्रात्यक्षिकही दुसऱ्या संस्थेत करावे.

याचा अर्थ दार लावून घ्यावे असा नाही. पहिल्या अर्ध्या तासात तिच्याइतके उपयोगी कुणीच नसते. मुलीला एकटी सोडायचे नाही, उपदेश करायचा नाही. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असे सरळ विचारायचे; विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. गुप्ततेचे सरसकट वचन द्यायचे नाही. जिवाला धोका असेल तर योग्य माणसाला सांगावे लागेल, हे आधीच सांगायचे. आणि मग समुपदेशकाच्या किंवा डॉक्टरांच्या हाती सोपवायचे.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत समुपदेशन शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थीच वसतिगृहे सांभाळतात. बदल्यात राहण्याची सोय व शुल्कात सवलत मिळते, आणि सहसा आठवड्याचे २० तास ठरलेले असतात. तिथेही तास वाढतात, पण निदान मोजले जातात. आपली परंपरा त्यागाची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण शंभर वर्षांनंतरही कुणीतरी काहीतरी मोडेल या भरवशावर वसतिगृह चालवणे हा व्यवस्थापनाचा आळस झाला.

त्यामुळे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी गृहपालाने संस्थेकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या व्यक्तीकडे जबाबदारी, परीक्षेच्या काळात रजा, आणि अडचणीतल्या मुलीला कुणाकडे पाठवायचे त्याचे नाव व फोन. संस्था ‘बघू’ म्हणाली तर तो नकार समजून एक वर्ष थांबलेले बरे.

तोवर भिंतीवर एक क्रमांक मोठ्या अक्षरात लावता येईल. टेलि-मानस, १४४१६; चोवीस तास, मोफत, मराठीतही. तो गृहपालांनाही लागू आहे.