नळाचे पाणी आणि कागदावरची मर्यादा

नळाला पाणी आले की नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांतून रोज विचारला जातो. आलेले पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र ते गढूळ दिसले किंवा त्याला वास आला, तरच निघतो. दिसायला निवळ असलेले पाणी पिण्यालायक असतेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, पाण्यात काय काय असू शकते, त्याला कोणत्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम कोणाचे, एवढाच विषय येथे मांडावयाचा आहे. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर व कामगारांच्या बैठकीत झाले. परंतु त्या कामात एक गोष्ट पक्की समजली. करारात लिहिलेला पगार आणि हातात पडलेला पगार या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्या एक व्हाव्यात म्हणून कोणीतरी रोज हिशेब तपासावा लागतो. पाण्याचेही नेमके असेच आहे.

आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते आणि पुढे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. उगमापाशी तिचे पाणी ओंजळीने प्यावे असे असते. पण नदी जसजशी खाली येते तसतसे काठच्या गावांचे सांडपाणी, शेतातील खते व औषधे, जनावरे धुतलेले आणि कपडे धुतलेले पाणी तिच्यात मिसळते. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे घातले की पाणी अडते, ते संथ होते व हिरवे दिसू लागते. पावसाळ्यात तेच लाल मातीने भरून वाहते. असे पाणी उपसून, शुद्ध करून, उंच टाकीत चढवून आपल्या घरापर्यंत आणणे हे सोपे काम नव्हे. ज्यांच्या हातून ते होते त्यांच्याविषयी पुढे बोलू.

पाण्यातील दोष ढोबळ मानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सजीवांचा, म्हणजे रोगजंतूंचा. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे रोग पाण्यावाटे पसरतात. हे जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. प्रत्येक जंतू वेगळा शोधणे खर्चाचे व वेळखाऊ असल्यामुळे प्रयोगशाळेत आतड्यात राहणारा ई-कोलाय नावाचा एक जंतू शोधतात. तो सापडला तर पाण्यात मैला मिसळला आहे असे समजावे. दुसरा प्रकार विरघळलेल्या द्रव्यांचा. नायट्रेट, फ्लोराइड, शिसे, आर्सेनिक ही त्यांतील प्रमुख नावे. जंतू दोन-चार दिवसांत किंवा काही आठवड्यांत माणसाला अंथरुणाला खिळवतात, तर शिसे आणि फ्लोराइड वर्षानुवर्षे मुकाट्याने आपले काम करीत राहतात. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडने लोकांचे दात पिवळे पडले आणि हाडे वाकली, हे सर्वज्ञात आहे.

येथे एक गोष्ट घरातील मंडळींनी मनात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात. परंतु नायट्रेट, फ्लोराइड किंवा शिसे उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन ते आटते, म्हणून उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. उसाच्या पट्ट्यात खतांचा वापर भरपूर असतो. अशा शेताजवळच्या विहिरीतील नायट्रेट तान्ह्या मुलाला बाधू शकते. त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेईनासे होते आणि अंग निळसर पडते. म्हणून अशा विहिरीचे पाणी तपासून घेतल्याशिवाय बाळाच्या दुधात घालू नये.

आता मर्यादांकडे वळू. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी आय. एस. १०५०० हे मानक १९८३ साली प्रथम काढले. १९९१ आणि २०१२ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्याप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही असता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालेल. शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. आणि शुद्ध केलेल्या पाण्यात नळापर्यंत पोचताना निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा.

हे आकडे इतके लहान आहेत की त्यांचा अर्थ मनात ठसत नाही. म्हणून हिशेब करून पाहू. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. शिशाची मर्यादा त्याच्याही शंभरावा हिस्सा, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. हे डोळ्यांना दिसणार नाही आणि जिभेलाही कळणार नाही. याउलट ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीत अवघा एक ग्रॅम. एवढा एक ग्रॅम नळाशी शिल्लक आहे की नाही, यावर शेकडो माणसांचे आरोग्य अवलंबून असते; कारण टाकीपासून घरापर्यंतच्या वाटेवर नवा जंतू शिरलाच, तर त्याला मारण्यासाठी वाटेत असलेला पहारेकरी तोच.

ही वाट फार धोक्याची असते. आपल्या बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद झाले की नळ रिकामे होतात, आणि रिकामा नळ आजूबाजूचे ओढून घेतो. घराची जोडणी गटारातून गेलेली असेल आणि तिला बारीक भोक असेल, तर गटाराचे पाणी आत शिरते आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर घागरीत पडते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातील नमुना उत्तम निघाला तरी गल्लीच्या शेवटच्या घरी पाणी दूषित असू शकते. याचसाठी तपासणी टाकीवर नव्हे, तर शेवटच्या नळावर व्हावी असे जाणकार सांगतात.

जंतूच्या चाचणीवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. १९५५ साली यमुनेचा प्रवाह सरकला आणि दिल्लीच्या वझिराबाद येथील उपशाच्या जागेत नजफगड नाल्याचा मैला शिरला. तेथील कर्मचाऱ्यांनी ते ओळखून तुरटी व क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर किंवा हगवण वाढली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. क्लोरीनने जंतू मेले, पण त्यांच्याहून चिवट असा विषाणू निसटला. तो कोणता हे पुढे १९८० च्या दशकात ओळखू आले; त्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतात. गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. दिल्ली आपल्यापासून दूर आहे, असे कोणी म्हणू नये. १९८१ साली कोल्हापूर शहरातच पाण्यावाटे काविळीची साथ आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत तशीच साथ आली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. तेथील कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. माग बंद तर मजुरी बंद. काविळीला विश्रांती हाच मुख्य उपचार, आणि ती तीन-चार आठवड्यांची लागते. ज्याला पगारी रजा नाही त्याच्या घरी एवढ्या मुदतीत वाण्याची उधारी होते, सावकाराची चिठ्ठी होते आणि पोराची शाळेची फी राहते. ज्याला परवडते तो घरी शुद्धीकरणाचे यंत्र बसवतो किंवा पाण्याचा जार मागवतो. ज्याला परवडत नाही तो नळाचेच पाणी पितो. पाण्यातील दोष सर्वांना सारखा मिळतो, पण त्याची किंमत सारखी मोजावी लागत नाही. पाण्याचा प्रश्न कामगार चळवळीचा प्रश्न आहे असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आय. एस. १०५०० हे मानक आहे, नळाच्या पाण्यापुरता तो कायदा नाही. बाटलीबंद पाणी विकणाऱ्याला कायद्याने बंधन आहे; नळाने पाणी पुरवणाऱ्या संस्थेने मानक पाळावे अशी अपेक्षा आहे, सूचना आहेत, परंतु ते न पाळल्यास दंड ठोठावणारा देशव्यापी कायदा नाही. २०१९ साली केंद्र सरकारने राजधानीच्या शहरांतील नळाचे पाणी तपासून घेतले. मुंबईचे सर्व नमुने मानकाला उतरले, दिल्लीचे एकही उतरले नाहीत. मानक सक्तीचे करावे, अशी चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली.

अमेरिकेत हे निराळे आहे. तेथे १९७४ साली संघराज्याचा सुरक्षित पेयजल कायदा झाला. मर्यादा केंद्र ठरवते आणि पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला त्या पाळाव्याच लागतात. १९९६ च्या दुरुस्तीने असेही ठरले की आपल्या पाण्यात काय सापडले याचा अहवाल संस्थेने दरवर्षी ग्राहकांना द्यावा. एवढे असूनही मिशिगन राज्यातील फ्लिंट या मोटार कामगारांच्या गावी काय घडले ते पाहा. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी गावाचे पाणी डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीतून घेण्यात आले. ते पाणी नळ खाणारे होते आणि नळ झिजू नयेत म्हणून घालावयाचे द्रव्य त्यात घातले गेले नाही. जुन्या नळांचे शिसे पाण्यात उतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तेथील कारखान्याने, यंत्राचे भाग गंजतात म्हणून, ते पाणी घेणे बंद केले. माणसांना मात्र ते आणखी एक वर्ष प्यावे लागले. नागरिकांनी गढूळ पाण्याच्या बाटल्या सभेत नेऊन दाखवल्या, एका बालरोगतज्ज्ञ स्त्री-डॉक्टरने मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे जाहीर केले, तेव्हा ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी बदलले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कायदा नसेल तर मर्यादा म्हणजे केवळ सदिच्छा. आणि कायदा असला तरी मोजणारा, सांगणारा व विचारणारा नसेल, तर मर्यादा कागदावरच राहते.

मोजणारा कोण? शुद्धीकरण केंद्रावर तुरटीची मात्रा घालणारा, वाळूचे गाळणे धुणारा, टी. सी. एल. पावडरचे पोते फोडणारा आणि गल्लीत व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार. तोच मर्यादा आणि नळ यांच्यामध्ये उभा आहे. टी. सी. एल. पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे एक-तृतीयांश क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले किंवा ओल लागली की तो उडून जातो. अशी मेलेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग शून्य. हे कामगाराला शिकवले आहे काय? त्याच्याजवळ हातमोजे व तोंडाला फडके आहे काय? तो कंत्राटी असेल तर, पावडर खराब आहे असे वर कळवण्याची त्याला धास्ती वाटत नाही काय? खरे सांगितले म्हणून ज्याची नोकरी जाऊ शकते, त्याच्या हाती शहराचे पाणी सुरक्षित राहू शकत नाही. त्याच्या नोकरीची शाश्वती ही आपल्या आरोग्याचीच तरतूद आहे.

विचारणारे आपण. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याची पाहणी करून धोक्याप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. २०१९ च्या जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्यास शिकवावे असे ठरले. शहराने खेड्याकडून एवढे शिकण्यास हरकत नाही. क्लोरीनची ओ. टी. चाचणी अगदी सोपी आहे: नळीत पाणी घ्यावे, द्रावणाचे थेंब टाकावेत आणि येणारा पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहावा. रंग आला नाही तर पहारेकरी गैरहजर आहे असे समजावे. शाळेतील मुलांनाही ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक प्रभागातील शेवटच्या नळाचा नमुना दर आठवड्याला घ्यावा. क्लोरीन, गढूळपणा आणि ई-कोलाय यांचे आकडे तारखेसह, मानकातील आकड्याशेजारी, चौकातील फळ्यावर लिहावेत. बाजाराला आलेला माणूस मिरचीचा आणि गुळाचा भाव फळ्यावर वाचतो, तसा त्याने पाण्याचाही आकडा वाचावा. आकडा वाईट असेल त्या दिवशी तो झाकू नये. पाणी उकळून प्या, असे त्याखाली स्पष्ट लिहावे. याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो रोजचा नेम आणि आकडा दाखवण्याचे धैर्य. पाणीपट्टी भरणाऱ्याला पावती मिळते. त्या पैशात त्याला कसे पाणी दिले, याचीही पावती मागण्याचा त्याला हक्क आहे.