चौथे झेंडावंदन

साऱ्या महाराष्ट्रात वर्षातून तीनदा झेंडावंदन होते. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. आपल्या जालना जिल्ह्यात ते चौथ्यांदाही होते. सगळ्या मराठवाड्यातच होते. तो दिवस म्हणजे 17 सप्टेंबर. पुण्या-नाशकाकडच्या पाहुण्याला याचे नवल वाटते. "हे कशाचे झेंडावंदन?" असे तो विचारतो. त्याला नीट सांगता यावे म्हणून ही हकीकत आम्ही येथे देत आहोत.

1947 साली जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जालना जिल्हा पुढे 1 मे 1981 रोजी झाला. त्या वेळी आपल्याकडे हैदराबादच्या निजामाचे राज्य होते. निजामाचा झेंडा वेगळा. तो पिवळा होता आणि त्याच्या मधोमध एक गोल होता. त्या गोलाला कुलचा म्हणत. कुलचा म्हणजे गोल रोटी.

आता झेंड्यावर रोटी कशी आली? त्याची एक गोष्ट सांगतात. पहिला निजाम एकदा हजरत निजामुद्दीन औरंगाबादी या साधुपुरुषाकडे गेला. त्याला भूक लागली होती. साधूने पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. त्याने सात खाल्ले. तेव्हा "तुझ्या सात पिढ्या राज्य करतील" असा आशीर्वाद मिळाला म्हणे. गोष्ट खरी की खोटी, कोण जाणे. पण शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान हा सातवाच होता बरे का!

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला. निजाम मात्र भारतात यायला तयार नव्हता. त्याने आपल्या मुलखात तिरंगा जाहीरपणे लावायला बंदी केली. जालन्याच्या पलीकडे आठ-दहा कोसांवर वऱ्हाड लागते. देऊळगाव राजा तिकडे आहे. तिकडे तिरंगा उघड लावता येत होता, आणि इकडे तोच लावला तर तुरुंग. माती तीच, बोली जवळपास तीच, सोयरीकही होत होती. मधे फक्त सरहद्द होती.

तरी लोकांनी तिरंगा लावलाच. लढ्याचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांना 15 ऑगस्टलाच पकडले. अनेक सत्याग्रही तुरुंगात गेले. कासीम रझवी याने रझाकारांची फौज उभारली. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. जालन्यातला मामा चौक तुम्ही पाहिला असेल. ते नाव हुतात्मा जनार्दनमामांचे आहे. निजामाला विरोध करणारे मुसलमानही होते. हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

शेवटी 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताचे सैन्य निघाले. त्याच चार-पाच दिवसांत ते जालन्यातही आले. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. मग आपल्याकडे तिरंगा मोकळेपणाने लागला. म्हणजे देशाच्या मागून तेरा महिन्यांनी. त्या धामधुमीत मराठवाड्यात पुष्कळ निरपराध मुसलमानही मारले गेले. हे लपवून ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

ज्या झेंड्यासाठी हे सारे झाले, तो आता नीट पाहू या.

त्याला तीन पट्टे. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा. तिन्ही सारख्या रुंदीचे. झेंडा तीन हात लांब असेल तर दोन हात रुंद असतो. लहान असो की मोठा, हे माप मोडत नाही. मधे निळे चक्र. चक्राला चोवीस आरे. गाडीच्या चाकाला असतात तसेच हे आरे.

पूर्वी या जागी चरखा होता. 1921 साली पिंगली व्यंकय्या यांनी गांधीजींना एक झेंडा दाखवला, तेव्हापासून चरख्याचा झेंडा चालू झाला. 1931 साली केशरी, पांढरा, हिरवा हे रंग ठरले. मग चरखा का काढला? त्याचे एक साधे कारण होते. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरखा एका बाजूने सुलटा दिसला की दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. चाक मात्र कोठूनही पाहिले तरी चाकच. म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र घेतले. झेंडा ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने हा झेंडा मान्य केला.

काही लोक सांगतात, केशरी हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. हे बरोबर नाही. डॉ. राधाकृष्णन यांनी घटना समितीत अर्थ सांगितला तो असा: केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याची वाट, हिरवा म्हणजे मातीशी असलेले आपले नाते. माती, पीक, पाला. शेतकऱ्याला हा हिरवा वेगळा समजावून सांगायला नको.

पूर्वी आपल्या घरावर रोज झेंडा लावायची मुभा नव्हती. 26 जानेवारी 2002 पासून ती आहे. मात्र काही गोष्टी पाळाव्या लागतात. केशरी पट्टा वरच हवा. दोरीला बांधताना हे पाहून घ्या, कारण घाईत झेंडा उलटा बांधला जातो आणि मग सगळ्या गावापुढे खजील व्हावे लागते. झेंडा जमिनीला टेकू देऊ नये. त्यावर काही लिहू नये. त्याचे कपडे शिवू नयेत, टेबलावर अंथरू नये. झेंडावंदन झाल्यावर मुलांच्या हातचे कागदी झेंडे रस्त्यात पडतात, पायाखाली येतात. ते मोठ्या माणसांनी गोळा करावेत.

झेंड्याचे कापड पूर्वी हाताने कातलेले आणि विणलेलेच लागे. 2021 साली नियम बदलला. आता यंत्रावरचे, पॉलिस्टरचे कापडही चालते. खादीचा झेंडा हवा असेल तर फार लांब जायला नको. आपल्या मराठवाड्यातच, नांदेडला, खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात.

झेंडा फाटला, विटला, तर तो लावू नये. उकिरड्यावरही टाकू नये. एकान्तात, मान राखून, सबंध जाळावा. आणि 17 सप्टेंबरच्या आधी आठ दिवस पंचायतीतला झेंडा एकदा उघडून पाहावा. उंदराने कुरतडला असेल तर नवा आणायला वेळ मिळतो.