दिवस मावळण्याआधी राजमा-भात

मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासात वाजून गेल्यावरही क्षणभर रेंगाळतो. चौविहार पाळणाऱ्या घराचे घड्याळ या सव्वा तासाच्या फरकाभोवती फिरत असते. चर्चगेटहून बोरिवली किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून मुलुंड गाठायला पाऊण ते एक तास लागतो. दुकान वाढवून, पेढीचा हिशेब आवरून किंवा कार्यालयातून सुटून माणूस घरी येतो, तेव्हा वर्षातील बहुतेक महिने दिवेलागण होऊन गेलेली असते. म्हणूनच घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील जैन घरांत सायंकाळचे जेवण हा केवळ रुचीचा विषय राहत नाही. वेळेचा आणि विशेषतः घरातील स्त्रीच्या श्रमांचाही तो प्रश्न असतो. सून स्वतः नोकरीवरून परतणार असेल, तर साडेपाचला ताट वाढायचे कोणी? व्रत एकाने घ्यायचे आणि त्याची धावपळ दुसऱ्याने करायची, असे होऊ लागले की नियमातील प्रसन्नता ओसरते.

या अडचणीवर एक उपाय प्रत्येक घराच्या कोठीतच आहे. तो म्हणजे कडधान्य आणि भात. गुजराती-कच्छी घरांत ज्याला कठोळ म्हणतात, ते तिथीच्या दिवशी आणि पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असताना ताटातील मुख्य अन्न होते. तेच एरवीच्या धावपळीच्या दिवशीही घराला सावरू शकते.

धुण्याच्या दिवसाचे जेवण

भात आणि कडधान्य यांची जोडी जगभर आढळते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स शहरात लाल राजमा आणि भात हे सोमवारचे ठरलेले जेवण आहे. सोमवार हा तेथे कपडे धुण्याचा दिवस असे. घरातील स्त्रीचे दोन्ही हात दिवसभर धुण्यात गुंतलेले. तेव्हा सकाळी चुलीवर चढवले की फारसे लक्ष न देता शिजत राहील, असा पदार्थ हवा होता. १९०१ साली त्या शहरात जन्मलेले जगप्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग यांना हे जेवण इतके प्रिय होते, की ते पत्राखाली ‘आपला राजमा-भातपूर्वक’ अशा अर्थाचा मजकूर लिहून सही करीत.

तेथील मूळ पदार्थात मांस असते आणि कांदाही असतो; ते जैन स्वयंपाकघरात त्याज्यच. घेण्यासारखी आहे ती त्यामागची युक्ती: हात दुसऱ्या कामात असताना जेवण तयार व्हावे. तेथील पाककृतीतील आणखी एक गोष्टही उपयोगी आहे. शिजलेल्या दाण्यांपैकी काही दाणे भांड्याच्या कडेला दाबून चिरडतात आणि त्यानेच रस दाट होतो. कांदा-बटाट्यावाचून दाटपणा कसा आणावा, या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर नाही.

राजमा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो इतरत्र पसरला. चवळीचा प्रवास उलट दिशेचा. ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत पोहोचली आणि आज तेथील दक्षिण भागात नववर्षदिनी शुभ म्हणून चवळी-भात खाल्ला जातो. महाराष्ट्रालाही स्वतःचा राजमा आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंगावर पट्टे असलेला हा दाणा चवीला गोडसर असतो. त्याच्या जोडीला पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्याचा कोलम तांदूळ घेतला, तर संपूर्ण ताट महाराष्ट्राच्या मातीतले होते.

आहारदृष्ट्याही ही जोडी पक्की आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात मेथिओनिन कमी असते, ते तांदूळ पुरवतो. शाकाहारी घरातील वाढत्या मुलांना आणि एकासन-बियासन करणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचा लाभ होतो.

निवडताना जयणा

मुंबईतील किराणा आणि धान्याच्या व्यापारात जैन कुटुंबांच्या, विशेषतः कच्छी समाजाच्या, पिढ्या खपल्या आहेत. धान्याची पारख त्यांना शिकवावी लागत नाही. तरीही दुकानातील पारख घराच्या कोठीपर्यंत पोहोचतेच असे नाही. जुना दाणा कितीही शिजवला तरी कडकच राहतो. म्हणून घेताना नव्या हंगामाचा, एकसारख्या आकाराचा आणि तुकतुकीत माल पाहावा. वर्षाचा साठा करण्यापेक्षा महिन्यापुरते घेणे उपनगरातील दमट हवेत अधिक शहाणपणाचे.

पावसाळ्यात मूग, चवळी, हरभरा निवडताना दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले, तर ती भुंगेऱ्याची अंडी असतात. वाटोळे छिद्र दिसले, तर किडा बाहेर पडून गेलेला असतो. असे धान्य पाण्यात टाकण्यापूर्वीच, उजेडात थाळीत पसरून बाजूला काढणे ही जयणा होय. हे काम आदल्या दिवशी उजेडी करून ठेवता येते आणि त्यासाठी स्वयंपाक यावाच लागतो असेही नाही. धान्य पारखण्यात आयुष्य गेलेले आजोबा आणि शाळेतून आलेला नातू मिळून ते आनंदाने करू शकतात.

भिजवणे: मोड येण्याच्या अलीकडे

मोड आलेली उसळ महाराष्ट्रात घरोघरी होते. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांच्या यादीत मात्र अंकुर फुटलेल्या कडधान्याचा समावेश आहे. त्यामुळे दाणा फुगावा, पण त्याला मोड येऊ नये, ही मर्यादा सांभाळावी लागते. ज्या घरात रात्री भिजत घालत नाहीत, तेथे गरम पाण्याची पद्धत सोयीची. सूर्योदयानंतर राजमा धुऊन चौपट पाण्यात घालावा, दोन-तीन मिनिटे खळखळून उकळावा, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवावा. तासाभरात तो शिजवण्याजोगा होतो. भिजवलेले पाणी ओतून द्यावे.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. दाणे अर्धवट शिजले, तर खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या आणि जुलाब होतात. उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ शिजवल्यावर हे प्रथिन निष्प्रभ होते; प्रेशर कुकरमध्ये ते सहज साधते. विजेवर चालणाऱ्या संथ आचेच्या भांड्यात मात्र पाणी उकळीपर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून त्यात राजमा थेट शिजवू नये.

चार माणसांसाठी कृती

२०० ग्रॅम राजमा किंवा वाघ्या घेवडा वरीलप्रमाणे भिजवून घ्यावा. तिप्पट ताजे पाणी घालून कुकरला एक शिटी होऊ द्यावी, मग आच मंद करून वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावे. घेवड्याला वेळ थोडा कमी लागतो. दाणा दोन बोटांत दाबला असता लोण्यासारखा चिरडला गेला पाहिजे; मध्ये कणी लागली, तर पुन्हा कुकर लावावा.

दोन चमचे तुपात जिरे, हिंग, एक तमालपत्र आणि दोन सुक्या मिरच्या यांची फोडणी करावी. एरवीच्या दिवशी आतून नीट पाहून चिरलेली एक ढोबळी मिरची आणि तीन-चार टोमॅटो त्यात मऊ होईपर्यंत परतावेत. हळद, धने-जिरे पूड, तिखट आणि पाव चमचा सुंठपूड घालावी. आले कंदमूळ म्हणून वर्ज्य असले, तरी सुंठ चालते. मग राजमा त्याच्या पाण्यासह घालून दोन डाव दाणे कडेला चिरडावेत, मीठ घालून दहा मिनिटे उकळू द्यावे. तिथीच्या दिवशी ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कोथिंबीर वगळून चार-पाच आमसुले घालावीत. आंबट पदार्थ राजमा पूर्ण शिजल्यावरच घालायचा. आधी घातल्यास दाणा मऊ होत नाही.

३०० ग्रॅम कोलम तांदूळ धुऊन दुप्पट पाण्यात मोकळा शिजवावा. भात मोजूनच करावा. रात्र उलटलेला भात शास्त्रमर्यादेने वासी ठरतो. शिवाय दमट हवेत बाहेर राहिलेल्या भातात जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

सोबत काय वाढावे

राजमा-भातासोबत उपाहारगृहात दही किंवा रायते येते. घरी ते टाळावे. कडधान्य आणि कच्चे दही-ताक यांचा संयोग म्हणजे द्विदल, आणि तो अभक्ष्य मानला जातो. दही आधी चांगले गरम करून घेण्याविषयी आपापल्या संप्रदायाची जी परंपरा असेल, ती पाळावी. लिंबाची फोड, भाजलेला पापड आणि एरवीच्या दिवशी काकडी एवढे पुरेसे आहे.

चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत हेच जेवण आणखी साधे होते. तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर काहीच नाही; नुसत्या उकडलेल्या कडधान्याला मीठ, मिरी, हिंग आणि शेजारी भात. ज्यांनी नऊ दिवस ते अन्न घेतले आहे, त्यांना चांगल्या दाण्याची मूळ चव काय असते, हे सांगावे लागत नाही.

वेळेचे आणि कामाचे वाटप

वेळेचे गणित असे बसते. सकाळी सातला गरम पाण्यात भिजवणे, आठला कुकर. घरातील सर्वांची निघण्याची तयारी चालू असतानाच राजमा शिजतो. तो लगेच निववून फ्रिजमध्ये ठेवावा. मुंबईच्या उकाड्यात तो दिवसभर ओट्यावर ठेवणे योग्य नाही. सायंकाळी फोडणी, पुन्हा खळखळून उकळी आणि शेजारच्या शेगडीवर भात: पंचवीस-तीस मिनिटांत ताट तयार. तोच शिजवलेला राजमा असल्याने हे काम जो आधी घरी येईल, तो करू शकतो. त्यासाठी सासू, सून किंवा मुलगी यांपैकी एकीचीच वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

जो सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचूच शकत नाही, त्याच्यासाठी डबा आहे. सकाळीच फोडणी देऊन भरलेला राजमा दुपारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून पेढीवर नीट उकळून घेता येतो आणि भात तेथेच विजेच्या भांड्यात वीस मिनिटांत होतो. मुंबईच्या व्यापारी भागांत सूर्यास्तापूर्वी जेवण देणारी चौविहार-गृहे याच गरजेतून उभी राहिली आहेत. जवळ तशी सोय असेल, तर तिचा लाभ घ्यावा. नसेल, तर दोन-चार पेढ्यांनी मिळून कुकर ठेवणेही अवघड नाही.

रात्रिभोजनत्यागाचा नियम घेताना बहुधा घेणाऱ्याच्या मनोबलाचाच विचार होतो. तो नियम टिकतो मात्र स्वयंपाकघरातील व्यवस्थेवर. चातुर्मासाच्या आरंभी प्रत्याख्यान घेण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून धान्य कोण निवडणार, कुकर कोण लावणार आणि फोडणी कोण देणार, एवढे ठरवून घ्यावे. मग त्या व्रताचे पुण्य आणि त्याचे श्रम, दोन्ही घरातील सर्वांच्या वाट्याला येतील.