अर्ध्या इंचाचे कसब

सॅन होजे शहराच्या पूर्वेस टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत, चाकांच्या फळीवर (स्केटबोर्डवर) उभा राहून, पाय न मारता आणि फारसा आवाज न करता, सडकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग वळणे घेत चढ चढून जाणारा एक पन्नाशीचा गृहस्थ मी पाहिला, आणि उतारावर जे स्वाभाविक वाटले असते ते चढावर इतक्या सहजतेने घडलेले पाहून त्या फळीच्या पोटात काय दडले आहे, हे जाणून घेतल्यावाचून मला राहवेना. मी थांबून विचारले. पूर्वी यंत्रशाळेत नोकरी केलेल्या त्या गृहस्थांनी मला आपल्या गॅरेजमध्ये येण्याची मुभा दिली, आणि पुढे तेथे जाणे हा माझा शिरस्ताच झाला.

विजेवर चालणाऱ्या अशा फळ्या ते तेथे घडवीत. गॅरेजमधल्या लांब मेजावर दोन फळ्या उलट्या ठेवलेल्या असत, एक सडकेची आणि एक मातीची. सडकेच्या फळीचे कूळ समुद्राकडचे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी लाटा नसलेल्या दिवशी तोच तोल आणि तोच झोक जमिनीवर साधण्याचा जो उद्योग केला त्यातून ती जन्मास आली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली तेव्हा तिला सडकेवर घट्ट पकड लाभून ज्याला कार्व्हिंग म्हणतात ते खोल, लयबद्ध वळण निर्धास्तपणे घेता येऊ लागले. मातीची फळी बर्फाच्या घराण्यातली. बर्फावर फळी चालवणाऱ्यांना उन्हाळ्यातही डोंगर हवा होता, त्या गरजेतून १९९०च्या दशकात ती आकारास आली. कोलोरॅडोतील एमबीएस ही तिच्या आद्य कंपन्यांपैकी एक, १९९३ सालची.

पट्टा, पुली, मोटर हा भाग दोन्हींत बराचसा सारखा. मोटरीचा वेग व प्रवाह आवरणारे नियंत्रकही एकाच वंशाचे, बेंजामिन व्हेडर या स्वीडिश अभियंत्याने २०१५च्या सुमारास ज्याचा आराखडा सर्वांना खुला करून दिला त्या व्हेस्कचे. फरक पडतो तो चाकांमुळे. सडकेचे चाक ९७ मिलिमीटर व्यासाचे, मातीचे हवा भरलेले चाक २०० मिलिमीटरचे, म्हणजे एका फेऱ्यात दुपटीहून किंचित अधिक अंतर तोडणारे. तेव्हा मोटरीवर तीच १५ दात्यांची पुली ठेवली तरी चाकावरची पुली सडकेसाठी ३६ दात्यांची आणि मातीसाठी ६६ दात्यांची घ्यावी लागते, नाहीतर दगडगोट्यांच्या चढावर मोटर तापून हतबल होते.

परंतु मला वारंवार तेथे ओढून नेले ते विद्युत्घटांच्या जुळणीने आणि सोल्डर करताना दरवळणाऱ्या राळेच्या उग्र-गोड वासाने. १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे ४० सेल, चारचारांचे दहा गट करून, एका थरात सडकेच्या फळीखाली निजवायचे असतात, आणि पूर्ण भरल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्टचा झाला की एकंदर दाब ४२ व्होल्ट होतो. या सेलचे संपूर्ण अंग ऋण ध्रुवाचे असते; धन टोकाच्या बोंडाभोवतीची कडसुद्धा ऋणच, आणि त्या दोहोंवर एकाच वेळी धातूची पट्टी टेकू नये म्हणून जे काही असते ते प्लास्टिकचे एक तलम वेष्टन. म्हणून प्रत्येक बोंडाभोवती विद्युतरोधक बार्ली पेपरची एकेक चकती चिकटवली जाते. चाळीस सेल, चाळीस चकत्या. ते गृहस्थ चकती चिमट्याने ठेवीत, अंगठ्याच्या नखाने तिची कड चोहोबाजूंनी दाबीत, दिव्याखाली सेल फिरवून पाहत, आणि जरा जरी संशय आला तरी ती चकती खरवडून काढून नवी लावीत. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने बसवण्यास मात्र क्षणही पुरे होई.

आणि मग येई तो अर्धा इंच. बांबूची ती फळी मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. स्वार वळणात झुकला की ती खाली वाकते आणि वळणातून बाहेर पडताना त्याला वर उचलून देते, त्यातच कार्व्हिंगचे सारे सुख सामावलेले आहे. पण फळी अर्धा इंच वाकली की तिच्या पोटाशी बांधलेले सेलही वाकू पाहतात, आणि निकेलची पट्टी पुनःपुन्हा वाकवली की एके दिवशी तुटते, ठिणगी पडते, आणि वेष्टन फाटलेल्या सेलशेजारी पडलेली ठिणगी म्हणजे आग. म्हणून गटागटांमध्ये ताठ पट्टी घालायची नाही, सिलिकोनच्या आवरणातली बारीक तांब्याच्या तारांची मऊ वायर किंचित सैल सोडून जोडायची. त्या बैठकांत अर्धा इंच हा शब्दप्रयोग त्यांच्या तोंडी इतक्या वेळा आला की माझ्याही नजरेला प्रत्येक फळीत प्रथम तोच अर्धा इंच दिसू लागला.

मातीच्या फळीला ही विवंचना नाही. तिची फळी ताठर. सेल बारा गटांचे, ५०.४ व्होल्टचे, आणि ते फळीच्या वर, पाय अडकवण्याच्या पट्ट्यांच्या मधोमध, एका भक्कम पेटीत बसवलेले. चाकांचा आस धरणाऱ्या ट्रकमध्ये स्प्रिंगा, चाकांत हवा, त्यामुळे धक्के आपोआप जिरतात. एका स्नेह्याच्या जर्दाळूच्या जुन्या बागेत ती फळी धूळ उडवीत, मुळ्यांवरून उसळत गेली तेव्हा तिचे सामर्थ्य पाहून मी थक्क झालो, हे नमूद केलेच पाहिजे. तथापि त्या सामर्थ्याचा पुष्कळसा भाग वजनाने आणि जाडीने विकत घेतलेला आहे. जे कमी पडेल ते मोठे करावे, ही तजवीज तेथे चालते. सडकेच्या फळीत मोठे करण्यास जागाच नाही. जमिनीपासून दोनचार बोटांच्या अंतरात, सतत वाकणाऱ्या देहाखाली, न वाकणारे जिन्नस सुखरूप राखायचे, हे मला अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक थोर कसब वाटते. शिवाय हवेची चाके नसल्याने डांबराचा बारीक कंप थेट सोल्डरच्या सांध्यांपर्यंत पोचतो.

कायद्याचा निवाडाही सर्वत्र सारखा नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून अशा फळ्यांना सडकेची इजाजत मिळाली, ती सोळा वर्षांचे वय, शिरस्त्राण, ताशी १५ मैलांची मर्यादा आणि १००० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर या अटींवर. इंग्लंडात तर ट्रॅम्पासारखी नामांकित कंपनी नॉटिंगहॅममध्ये मातीच्या फळ्या घडवते, आणि त्याच देशात सार्वजनिक रस्त्यावर व पदपथावर मोटरच्या फळीला मज्जाव आहे; खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने काय ती चालवावी. आमच्या गृहस्थांनी आपल्या सडकेच्या फळीची शक्ती आणि वेग नियंत्रकातच बांधून टाकले आहेत, आणि मातीची फळी ते गाडीत घालून बागेपर्यंत नेतात.

एका शनिवारी एक तरुण दोन्ही प्रकारच्या फळ्यांची मागणी घेऊन आला. मातीच्या फळीचे काम त्यांनी लगेच पत्करले आणि बयाणाही घेतला. सडकेच्या फळीसाठी मात्र त्यांनी त्याला दोन विटांवर टेकवलेल्या कोऱ्या बांबूच्या फळीवर उभे केले, गुडघे वाकवून झोके घ्यायला लावले आणि खाली पट्टी धरून माप पाहिले. भरले पाऊण इंच. ही फळी तुझ्या वजनाला मऊ आहे, हिच्याखाली मी सेल बांधणार नाही, असे सांगून त्यांनी त्याला अधिक ताठर फळी घेऊन पुढच्या शनिवारी यायला सांगितले, आणि येताना रोज चालवतोस तेच बूट घालून ये, असेही बजावले.