पडावापासून टेंडरपर्यंत: किनाऱ्याकाठच्या क्रूझमध्ये बंदरावर उतरण्याची रीत

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जलप्रवासाची सगळी आखणी एका प्रश्नाभोवती फिरते: प्रवासी जमिनीवर उतरणार कसे? मोठ्या प्रवासी जहाजाचा सुमारे आठ मीटर भाग पाण्याखाली असतो. एवढी खोली धक्क्यालगत मिळाली तर जहाज थेट धक्क्याला लागते, जिना टाकला जातो आणि माणसे चालत उतरतात. पाणी उथळ असेल, धक्का आखूड असेल किंवा मुळीच नसेल, तर जहाज बाहेर नांगर टाकते आणि लहान बोटी प्रवाशांची ने-आण करतात. या लहान बोटीला क्रूझवर टेंडर म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने फिरणाऱ्या जोडप्याला एकाच सफरीत हे दोन्ही प्रकार अनुभवता येतात. मराठी मुलखात कोकणच्या बोटीने जाणाऱ्या चाकरमान्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हरणै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. खाडीच्या तोंडाशी पुरेसे पाणी असेल तिथे ती आत शिरे. हरणैसारख्या उघड्या बंदरात मात्र ती दूर उभी राही, भोंगा देई आणि किनाऱ्यावरून पडाव निघत. पडाव बोटीच्या कुशीला लागला की खलाशी दोर ताणून धरत. लाटेवर पडाव वर आला की एक माणूस खाली घेतला जाई, पडाव खाली गेला की पुढचा थांबे. ट्रंका, वळकट्या, करंड्या आणि लहान मुले हातोहात उतरत. ओहोटी असली तर पडावही काठापर्यंत पोहोचत नसे. उरलेले अंतर गुडघाभर पाण्यातून किंवा खलाशाच्या खांद्यावर बसून काटावे लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद होई आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा सुरू होई.

या प्रवासातील धोक्याची सर्वांत मोठी खूण 'रामदास' बोटीची आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भर पावसाळ्यातही चालणाऱ्या रेवसच्या फेरीवर भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली. पाणी आत येताच प्रवासी घाबरून एका बाजूला धावले आणि कल वाढत गेला. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे किनाऱ्याला वेळेवर खबरही पोहोचली नाही. 600 हून अधिक माणसे बुडाली. आजच्या क्रूझवर प्रवासाच्या आरंभी जी सक्तीची कवायत होते, तिचे मोल अशा दुर्घटनांवरून कळते.

पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोहोचली आणि बोटीची प्रवासी वाहतूक आटत गेली. 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर 2018 मध्ये 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली, पण ती फार काळ चालली नाही. किनाऱ्याकाठचा प्रवास हौस म्हणून करू पाहणारी मराठी कुटुंबे आता परदेशी किनाऱ्यांकडेही वळतात. मुलगा किंवा मुलगी सिडनी-मेलबर्नला नोकरीला असली तर त्यांच्याकडे गेलेले आईवडील आठवडा-दहा दिवसांची क्रूझ त्यातच जोडून घेतात.

वऱ्हाडासारख्या समुद्रापासून दूरच्या भागातून अशा क्रूझला जाणाऱ्या जोडप्याने आधी एक गोष्ट समजून घ्यावी, ती म्हणजे भरती-ओहोटी. वऱ्हाडातल्या वलगाव या गावी पेढी नदीचे पाणी पावसावर चढते आणि पाऊस थांबला की उतरते. हेच पाणी पुढे पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जाते. समुद्राची पातळी मात्र चंद्र-सूर्याच्या ओढीने हलते, पाऊस असो वा नसो. बहुतेक किनाऱ्यांवर ती दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनजवळ मोठ्या भरतीच्या दिवसांत हा फरक सुमारे आठ मीटरपर्यंत जातो. पश्चिमेला ब्रूमला तर त्याहूनही जास्त. सकाळी धक्क्याच्या पायरीला लागलेली बोट दुपारी कित्येक पायऱ्या खाली दिसते. म्हणून उतरण्याची वेळ, तरंगत्या फलाटाची उंची आणि जहाज सुटण्याचा तास हे सारे भरतीच्या तक्त्यावरून ठरते.

ऑस्ट्रेलियातील क्रूझचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे तिथला उन्हाळा. सिडनीच्या सर्क्युलर की भागातील ओव्हरसीज पॅसेंजर टर्मिनलवरून अनेक जहाजे सुटतात. समोर ऑपेरा हाऊस आणि बाजूला 1932 साली खुला झालेला हार्बर ब्रिज. पुलाखाली सुमारे 49 मीटर उंचीची मोकळी जागा मिळते. त्याहून उंच जहाजे पुलाच्या पलीकडील व्हाइट बे धक्क्यावर जाऊ शकत नाहीत. त्यांना अलीकडेच थांबावे लागते. इथून दक्षिणेकडचा मार्ग ईडन आणि टास्मानियाकडे, तर उत्तरेकडचा ब्रिस्बेन, एअर्ली बीच, केर्न्स आणि पोर्ट डग्लसकडे जातो. उत्तरेत उन्हाळा हाच पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असल्याने मार्ग ऐनवेळी बदलू शकतो.

उत्तरेच्या मार्गावर ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची रांग सुमारे 2300 किलोमीटर पसरली आहे. 1981 साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जून 1770 मध्ये जेम्स कुकचे 'एन्डेव्हर' जहाज याच प्रवाळावर आदळले आणि आजच्या कुकटाऊनजवळच्या नदीमुखात दुरुस्तीसाठी कित्येक आठवडे अडकून पडले. पाण्याखालच्या या खडकांमुळे 1991 पासून रीफच्या आतल्या मार्गातील ठरावीक भागांत मोठ्या जहाजांना स्थानिक पायलट घेणे बंधनकारक आहे. इथे पायलट म्हणजे त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या. त्याची छोटी बोट चालत्या जहाजाला चिकटते, जहाजाच्या कुशीवरून दोरीची शिडी सोडलेली असते आणि योग्य लाट साधून तो शिडीवर पाय ठेवतो. पुढे कप्तानाच्या शेजारी उभा राहून तो दिशा आणि वेग सुचवतो. जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते.

प्रवासी चढले की पहिले काम सुरक्षेच्या कवायतीचे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच व्हावी लागते. सात लहान आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकला की आपल्या कार्डावर छापलेल्या जागी जमायचे. पती-पत्नीने ही जागा दोघांनीही पाठ करून ठेवावी, कारण इशारा होईल तेव्हा एक जण जेवणघरात आणि दुसरा डेकवर असू शकतो. जहाजाच्या दोन्ही कुशींना टांगलेल्या बंदिस्त जीवरक्षक बोटींपैकी काही रोजच्या वापरात टेंडर म्हणून चालतात. टेंडर म्हणून त्यांत संकटकाळापेक्षा कमी माणसे बसवली जातात.

धक्का असलेल्या बंदरात उतरणे सोपे. दोरखंड धक्क्यावरील लोखंडी खुंटांना बांधले जातात, सरकारी मंजुरी मिळते आणि प्रवासी जिन्याने उतरतात. न्यू साउथ वेल्समधील ईडन हे याचे चांगले उदाहरण. मोठ्या जहाजांना तिथे पूर्वी बाहेर नांगर टाकावा लागे. 2019 साली धक्का वाढवून झाल्यावर ती थेट लागू लागली. केर्न्सची खाडी उथळ असल्याने लहान जहाजे शहरातल्या धक्क्यावर येतात, तर मोठी जहाजे यॉर्कीज नॉबसमोर थांबून टेंडरने माणसे उतरवतात. एअर्ली बीच, पोर्ट डग्लस आणि टास्मानियातील पोर्ट आर्थर ही टेंडरचीच ठिकाणे.

टेंडरचा दिवस पहाटेच सुरू होतो. कप्तान वारा आणि लाटांची उंची पाहतो. जहाज नांगरावर असे वळवले जाते की एका कुशीला वाऱ्याचा आडोसा मिळेल. त्या बाजूचा, पाण्यापासून थोड्याच उंचीवरचा दरवाजा उघडून फलाट बाहेर काढतात. खलाशांची पहिली फेरी रिकामी जाऊन किनाऱ्यावरची जागा तपासून येते. तोवर प्रवासी वरच्या नाट्यगृहात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसलेले असतात. क्रमांक पुकारला की ते एकेक मजला उतरत खालच्या दरवाजाशी येतात आणि दारात प्रत्येकाचे कार्ड यंत्राला लावले जाते. कोण जहाजावर आणि कोण बाहेर, याची नोंद याच क्षणी होते.

फलाट आणि बोट यांच्यामधला एक पाय टाकणे, हा सगळ्या दिवसातला कळीचा क्षण. लाटेबरोबर बोट वर-खाली होते, कधी वीतभर, कधी हातभर. दोन्ही बाजूंना दोन खलाशी उभे असतात. ते प्रवाशाच्या हाताचा पंजा धरत नाहीत. मनगटाच्या वर, कोपराखाली घट्ट पकडतात आणि प्रवाशालाही तसेच पकडायला सांगतात, कारण ओला किंवा घामेजलेला पंजा निसटतो. बोट फलाटाच्या पातळीला आली की खलाशी इशारा देतो आणि प्रवासी एकाच पावलात आत जातो. उडी मारायची नाही, मध्येच थबकायचे नाही, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. पर्स किंवा पिशवी पाठीवर असावी, साडी नेसलेल्या बाईने पदर खोचलेला असावा, चपलेऐवजी मागे पट्टा असलेले पादत्राण असावे. दोघांनी हातात हात घालून उतरू नये. एकाने पूर्ण आत बसल्यावर दुसऱ्याने पाऊल टाकावे. गुडघे दुखत असतील तर खलाशाला आधी सांगावे, म्हणजे तो शांत लाट येईपर्यंत थांबवतो. लाटा ठरावीक मर्यादेपलीकडे उसळल्या की कप्तान ते बंदरच रद्द करतो. अशा वेळी तिकिटातील अटींनुसार बहुधा भरपाई मिळत नाही, हे आधीच ठाऊक असावे.

किनाऱ्यावर फिरण्याचे दोन मार्ग असतात. जहाजाकडून आखलेली सहल महाग पडते, पण ती उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतःहून फिरणे स्वस्त, पण चुकल्यास पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. पोर्ट आर्थरला 1830 ते 1877 या काळातील कैद्यांच्या वसाहतीचे अवशेष पायी पाहता येतात. एअर्ली बीचहून बोटीने प्रवाळाकडे किंवा व्हिटसंडे बेटांकडे जाता येते. उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात, म्हणून पाण्यात उतरताना अंगभर संरक्षक पोशाख घालावा.

वेळेचा घोटाळाही इथेच होतो. उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्स घड्याळ एक तास पुढे नेते, क्वीन्सलँड नेत नाही. त्यामुळे सिडनीहून निघालेल्या जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ यांत एका तासाचा फरक पडू शकतो. मोबाइल स्वतःहून स्थानिक वेळ दाखवतो. जहाज मात्र स्वतःच्या वेळेवर सुटते. शेवटचा टेंडर त्याच्याही आधी निघतो. म्हणून मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे.

खाद्यपदार्थांबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत. शेती आणि वन्यजीवन परदेशी कीड-रोगांपासून वाचवण्यासाठी फळे, भाज्या, बियाणे, मांस, दुग्धजन्य पदार्थ यांवर बंधने आहेत. देशात येताना घरचा मसाला, लोणचे, सुपारीसुद्धा अर्जात नोंदवून दाखवावी. नोंद न केल्यास दंड होतो. क्रूझच्या जेवणघरातले फळ खिशात घालून किनाऱ्यावर नेता येत नाही, आणि टास्मानियात फळे-भाज्यांची तपासणी वेगळी असते. भारतीय पारपत्रधारकांना आधीच व्हिसा घ्यावा लागतो. जहाज मध्ये न्यू कॅलेडोनियासारख्या देशाबाहेरच्या बंदरावर जाणार असेल तर पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा. विमान उशिरा पोहोचल्यास जहाज थांबत नाही, म्हणून सिडनीला निदान आदल्या दिवशी पोहोचावे.

तिकीट काढताना बंदरांच्या यादीत कोणत्या ठिकाणी टेंडर आहे, हे विचारून घ्यावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना अनेक जहाजे टेंडरमध्ये घेत नाहीत. जोडप्यातील एकाला जिने किंवा हलती बोट झेपत नसेल तर धक्क्याची बंदरे जास्त असलेला मार्ग निवडावा, म्हणजे दोघांनाही प्रत्येक गाव पाहता येते.

सफरीच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवतात. औषधे, पारपत्र आणि सकाळचे कपडे जवळच्या पिशवीत राहतात. पहाटे जहाज धक्क्याला लागते, रंगानुसार प्रवाशांना बोलावले जाते, दारात कार्ड अखेरचे तपासले जाते आणि खाली टर्मिनलमध्ये त्याच रंगाच्या रांगेत बॅग मिळते. देशाबाहेरच्या बंदराला जाऊन आलेल्या जहाजावरचे प्रवासी इथे पारपत्र आणि सामानाची तपासणी करून बाहेर पडतात.